दहा काड्यांचा गठ्ठा
(बालवाडी ते तिसरीच्या मुलांना अंकगणित पायरीपायरीने शिकवणाऱ्या पुस्तिकेची प्रस्तावना)

ही पुस्तिका एका वजाबाकीतून जन्माला आली. तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर ५२ − २७ हे उदाहरण दिले होते. एका मुलीने उत्तर लिहिले ३५. तिची आई मंडईत भाजी विकायची. सुटीच्या दिवशी ही मुलगी आईशेजारी बसून गिऱ्हाइकांना सुटे पैसे परत द्यायची, हे मला ठाऊक होते. मी तिला जवळ बोलावून विचारले, "तुझ्याकडे बावन्न रुपये आहेत. सत्तावीस रुपयांची भाजी घेतलीस. किती उरले?" तिने क्षणभर वर पाहिले आणि सांगितले, "पंचवीस." "मग वहीत पस्तीस कसे आले?" तिने वही माझ्यासमोर धरली आणि मलाच समजावले, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. हे वहीतलं आहे, बाई."

त्या दिवशी मला झोप लागली नाही. या मुलीला वजाबाकी येत होती, आणि चांगली येत होती. पण तिच्या मनात दोन गणिते वेगवेगळी राहत होती: एक मंडईतले, जे खरे असते, आणि एक वहीतले, जे बाईंना दाखवायचे असते. दोघांची कधी गाठच पडली नव्हती. पहिली-दुसरीला तिला मीच शिकवले होते. म्हणजे ती गाठ घालून देण्याचे काम माझे होते आणि ते माझ्याकडून राहून गेले होते. मी तिच्या आधीच्या वर्षांच्या वह्या मागवून घेतल्या. बिनहातच्याच्या वजाबाक्या पानेच्या पाने बरोबर होत्या. चूक हातच्यापाशी सुरू झाली होती आणि तिचे मूळ त्याहूनही मागे होते. बावन्न म्हणजे पाच दहा आणि वर दोन, हे तिने कधी हाताने करून पाहिलेच नव्हते.

या पुस्तिकेचे सगळे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. मुलाचे चुकलेले उत्तर म्हणजे आपण मोठ्यांनी गाळलेली एखादी पायरी असते. मूल ढ नसते. ते शेवटच्या पक्क्या पायरीवर उभे असते, आणि आपण त्याच्यापासून दोन पायऱ्या वर उभे राहून 'ये ना' म्हणत असतो. पुढच्या पानांत त्या पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत. प्रत्येक पायरीवर मुलाला काय करायला द्यायचे, काय विचारायचे आणि पायरी पक्की झाली हे कशावरून ओळखायचे, तेही दिले आहे. पायऱ्यांकडे वळण्याआधी, हे लिखाण ज्या गावात घडले त्या गावाविषयी सांगायला हवे. कारण भिवंडीने मला गणित शिकवण्याविषयी जे दाखवले, ते प्रशिक्षणाच्या वर्गांत दिसले नव्हते.

भिवंडीत मुलांच्या कानांवर दिवसभर संख्या पडत असतात. लाखो यंत्रमागांच्या या शहरात विणकराची मजुरी मीटरवर ठरते आणि पंधरवड्याला कारखान्याचा मेहता हिशोब मांडतो. ताके मोजून टेम्पोत चढतात. महामार्गालगतच्या गोदामांत खोक्यांच्या थप्प्या लागतात, उतरतात. परगावचे कामगार जिथे जेवतात त्या भिशीत महिन्याचे पैसे ठरतात आणि खाडे धरून वजा होतात. तालुक्यात पडघ्याकडे, अनगावकडे वीटभट्ट्या आहेत. तिथे मजुरी हजार विटांमागे मिळते. बापाला डबा द्यायला गेलेले सात वर्षांचे पोर हे सगळे ऐकते. किती मीटर निघाले, किती कापले, हातात किती आले, हे त्याच्या घरातले जेवणावेळचे बोलणे असते. असे मूल शाळेत येते तेव्हा आपण त्याच्यासमोर कोरी पाटी ठेवतो आणि ते स्वतःही कोरेच आहे असे धरून चालतो.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळे-नारळ विकणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात विक्री चालू असताना विचारलेल्या हिशोबांची सुमारे शेकडा ९८ उत्तरे मुलांनी बरोबर दिली. तीच गणिते कागदावर मांडून दिली तेव्हा शेकडा ३७ च बरोबर आली. त्यांतल्या एका मुलाला विचारले होते, पस्तीसला एक, तर दहा नारळ कितीला? त्याने पस्तीसपुढे शून्य ठेवण्याची रीत वापरली नाही. तीन नारळांचे एकशे पाच त्याला पाठ होते. त्याने ते तीनदा मिळवले, वर एका नारळाचे पस्तीस घातले आणि साडेतीनशे सांगितले. आपल्याजवळच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी धारावीतल्या मुलांच्या शाळेबाहेरच्या गणिताकडे असेच बारकाईने पाहिले आहे. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हीच फारकत दिसते. त्या अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. शाळेतले गणित येणारी मुले बाजारातल्या हिशोबाला अडखळत होती. दरी दोन्हीकडून आहे आणि ती बुजवण्याची जागा पहिली-दुसरीचा वर्ग हीच आहे.

भिवंडीने शिकवलेली दुसरी गोष्ट भाषेची. या शहरात मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक माध्यमांच्या शाळा आहेत. मराठी वर्गातही घरी वेगळी भाषा बोलणारी मुले बसलेली असतात. एकदा पद्मानगरातून आलेल्या एका मुलाला मी विचारले, २५ ला त्याच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, काय म्हणतात. तो म्हणाला, "इरवै ऐदु." इरवै म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. आकडा लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर येतो, आणि तो म्हणतानाही वीस आधी, पाच नंतर म्हणतो. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो. पाच आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. उर्दू-हिंदीचे 'पच्चीस' आपल्याच जातीचे. उर्दू शाळेतल्या मुलाची तर आणखी कसोटी असते. त्याची अक्षरे उजवीकडून डावीकडे चालतात आणि आकडे डावीकडून उजवीकडे.

म्हणून मराठी मूल 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. त्याने आधी ऐकलेला तीन आधी लिहिलेला असतो. 'एकोणचाळीस' ऐकून ते ४९ लिहिते, कारण त्याला चाळीस ऐकू आलेला असतो. एकोण म्हणजे एक उणा, हे आपण त्याला कधी सांगितलेले नसते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकी आपल्या संख्यांच्या नावांतच लपलेली आहे, आणि नव्याण्णवला ती रीत एकाएकी सुटते. त्यातून पन्नास म्हटले की ऐकू येते एक, आणि एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्नच्या शेपटीला ऐकू येते भलतेच काही. शंभरापर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. चिनी मुलाला एकवीस म्हणजे 'दोन दहा एक' असेच म्हणायचे असते. त्याच्या तोंडातच दशक आणि एकक वेगळे होतात. आपल्या मुलाच्या तोंडात ते एकमेकांत मिसळलेले असतात.

२०१९ च्या जून महिन्यात या प्रश्नावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, ते वाचकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने 'वीस एक', 'वीस पाच' अशी संख्यानामे दिली होती. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. विधानसभेपर्यंत चर्चा गेली, थट्टा झाली, मराठी बुडाली असेही म्हटले गेले. नारळीकर बाईंचा मुद्दा साधा होता. जोडाक्षरांची अवघड नावे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले संख्येला बिचकतात, त्यांना वर चढायला एक सोपी पायरी द्यावी. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या वादात कोणी कोणती बाजू घेतली यात मला शिरायचे नाही. वर्गातला अनुभव तेवढा सांगते. मी मुलांना दोन्ही नावे देते. गठ्ठ्यांकडे बोट दाखवताना आम्ही 'पाच दहा आणि तीन' म्हणतो, लगेच त्याच गठ्ठ्यांवर हात ठेवून 'त्रेपन्न' म्हणतो. काही आठवड्यांनी पहिले नाव आपोआप गळून पडते. त्रेपन्न हा सुंदर मराठी शब्द मुलाजवळ राहतो आणि त्याच्या पोटात काय आहे तेही राहते.

आता पायऱ्यांकडे वळू. पहिली पायरी संख्येच्या आधीची आहे. चिंचोके, बाटल्यांची झाकणे, रिकाम्या कांड्या यांचा ढीग समोर ठेवून मुलाला निवडायला लावायचे: रंगाने, आकाराने, लहान-मोठ्याने. प्रत्येक पेल्याला एक चमचा अशी जोडी लावायला सांगायचे. जास्त कुठे, कमी कुठे, सारखे कुठे, हे न मोजता ओळखू द्यायचे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग कोणीही घरी करून पाहू शकतो. सहा-सहा झाकणांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा. सारख्या आहेत हे मूल मान्य करील. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरवून लांब करा. पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणेल की लांब रांगेत जास्त आहेत. अशा वेळी त्याला दुरुस्त करू नका. पुन्हा जवळ आणू द्या, पुन्हा पसरवू द्या. संख्या जागेवर अवलंबून नसते, हे त्याचे त्याला कळायला काही महिने लागतात आणि ते लागू द्यायला हवेत.

दुसरी पायरी मोजण्याची. एक ते शंभर म्हणून दाखवणे म्हणजे मोजणे नव्हे, ते गाणे आहे. गाणे यायला हवेच, पण तिथे थांबता येत नाही. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या दोघा अभ्यासकांनी १९७८ मध्ये मोजण्यातल्या पाच गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा, कोणतीही सुटता कामा नये आणि कोणतीही दोनदा मोजता कामा नये. शब्दांचा क्रम दर वेळी तोच असायला हवा. शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या. मोजायचे ते काहीही असू शकते, चिंचोके, उड्या किंवा टाळ्याही. आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येते. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. मूल सात चिंचोके नीट मोजते. आपण विचारतो, "मग किती झाले?" ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. त्याच्यासाठी 'सात' हे फक्त शेवटच्या चिंचोक्याचे नाव असते. या पुस्तिकेत जागोजागी 'किती?' हा प्रश्न मोजून झाल्यावर विचारायला सांगितला आहे, तो यासाठी.

इथेच अंक आणि संख्या यांतला भेद पाळायला हवा. ७ ही खूण म्हणजे अंक. सात चिंचोके मुठीत धरल्यावर जे जाणवते ती संख्या. आपण घाईने खूण आधी गिरवायला लावतो. अंगणवाडीत पानभर ७ काढलेले मूल सात वस्तू उचलून देऊ शकत नाही, असे मी कितीदा पाहिले आहे. या पुस्तिकेत अंक लिहिण्याची पाने मुद्दाम उशिरा येतात. पालक विचारतील, वही कोरी का? त्यांना त्या दिवशी मुलाच्या हातात बारा बिया देऊन पाहायला सांगा.

तिसरी पायरी दहाच्या आतली. पाच म्हणजे चार आणि एक, तीन आणि दोन, पाच आणि काहीच नाही. मूठ उघडून-मिटून हे खेळता येते. दहा चिंचोक्यांतले काही एका मुठीत, काही दुसऱ्या. एक मूठ उघडून दाखवायची आणि विचारायचे, मिटलेल्या मुठीत किती? हा खेळ रोज पाच मिनिटे, दोन महिने. सहाचा जोडीदार चार, सातचा तीन, हे बोटे न मोजता तोंडावर आले की पुढची सगळी बेरीज-वजाबाकी हलकी होते. शून्यही इथेच भेटते, रिकाम्या मुठीत.

चौथी पायरी दहाची, आणि हे या पुस्तिकेचे हृदय आहे. दहा सुट्या काड्या मोजायच्या, एकत्र बांधायच्या आणि त्याला एक गठ्ठा म्हणायचे. दहा वस्तू आता एक झाल्या, तरीही त्या दहाच आहेत. मोठ्यांना हे इतके सवयीचे असते की त्यातले नवल दिसत नाही. मुलासाठी ही फार मोठी उडी आहे. म्हणून गठ्ठा मुलानेच बांधायला हवा. बाजारातून आणलेले तयार साहित्य चांगले असते, पण बांधलेला दशक मुलाला आयता मिळाला की तो त्याच्यासाठी एक जाड काडी होऊन बसतो. भिवंडीत सुताला तोटा नाही. आमच्या वर्गातले गठ्ठे कारखान्यातल्या टाकाऊ सुताने बांधलेले असत. एका वर्षी मुलांनी मागावरच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या कांड्या आणल्या. त्यांचेही दहा-दहाचे गठ्ठे झाले. एका आईने शंभर मणी दिले. दहा लाल, दहा पांढरे असे आलटून-पालटून ओवून आम्ही माळ केली आणि भिंतीला टांगली. त्रेपन्न कुठे आहे हे शोधताना मूल पाच रंगपट्टे ओलांडते आणि तीन मणी पुढे जाते. एकोणचाळीस शोधताना चाळीसपर्यंत जाते आणि एक मणी मागे येते. एकोण या शब्दाचा अर्थ सांगायला मला त्याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

पाचवी पायरी स्थानाची. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. मग काड्यांचे चित्र, मग फक्त आकडे. आधी वस्तू, मग चित्र, मग खूण हा क्रम जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडला आणि जगभरच्या प्राथमिक शाळांनी तो पारखून घेतला. मूल 'एकशे पाच' ऐकून १००५ लिहिते, तेव्हा त्याला शंभराचा भारा, दहाची रिकामी जागा आणि पाच काड्या समोर मांडू द्या. रिकामी जागा दाखवायला शून्य लागते, हे मग सांगावे लागत नाही.

सहावी पायरी बेरीज आणि वजाबाकीची. इथे मराठीने एक नेमका शब्द दिला आहे, 'हातचा'. ३८ आणि २७ मिळवताना आठ आणि सात सुट्या काड्या एकत्र केल्या की पंधरा होतात. त्यातल्या दहा बांधल्या की एक गठ्ठा होतो, आणि तो गठ्ठ्यांच्या रांगेत ठेवेपर्यंत खरोखरच मुलाच्या हातात असतो. हातचा एक म्हणजे हातातला एक दहा. हे करून पाहिलेले मूल वर छोटा १ लिहिताना काय लिहितो आहोत हे जाणून लिहिते. वजाबाकीत उलटे. तिथे मी 'उसना घेतला' म्हणणे सोडून दिले. एका मुलाने मला विचारले होते, "बाई, मग परत कधी द्यायचा?" त्याचा प्रश्न योग्य होता. उसने घेतलेले परत द्यावे लागते. वजाबाकीत आपण उसने घेत नाही, आपलाच गठ्ठा सोडतो.

त्या भाजीवालीच्या मुलीकडे मी दुसऱ्या दिवशी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. "यातल्या सत्तावीस मला दे." तिने आधी दोन गठ्ठे दिले. मग सात सुट्या शोधू लागली. तिच्याजवळ दोनच होत्या. बराच वेळ ती बसून राहिली आणि मी काही बोलले नाही. मग तिने एक गठ्ठा उचलला. सुताची गाठ नखाने सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडली. बारा सुट्या झाल्या. त्यातल्या सात मोजून माझ्या हातात ठेवल्या आणि उरलेल्या पाहिल्या: दोन गठ्ठे, पाच काड्या. मग काही न सांगता तिने वही ओढली, ३५ खोडले आणि २५ लिहिले. मंडईतले आणि वहीतले गणित त्या दिवशी एक झाले.

पायऱ्यांबरोबर गोष्टींचे प्रकारही बदलायला हवेत. वजाबाकी म्हणजे दर वेळी 'गेले, उरले' नव्हे. तुझ्याजवळ आठ, माझ्याजवळ पाच, तुझ्याजवळ कितीने जास्त? वहीला वीस रुपये लागतात, तेरा आहेत, अजून किती हवेत? यात काहीच जात नाही, तरी वजाबाकी आहे. एकच प्रकार शिकलेले मूल उदाहरणात 'एकूण' दिसले की मिळवते आणि 'उरले' दिसले की वजा करते. ते शब्द हुडकत असते, गणित करत नसते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण मुलांसमोर दोन अंकी हातच्याची वजाबाकी ठेवली जाते. ती दुसरीच्या पातळीची आहे, आणि वरच्या वर्गांतलीही पुष्कळ मुले तिथे अडतात. 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झाले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत संख्याज्ञान यावे, यासाठी त्यात २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष धरले आहे. लक्ष्य चांगले आहे. ते गाठायचे तर हातच्याच्या आधीच्या पाच पायऱ्यांना वेळ द्यावा लागेल.

गुणाकार आणि भागाकार या पायऱ्या पुस्तिकेत सविस्तर आहेत, इथे थोडक्यात सांगते. गुणाकार म्हणजे सारखे गट. अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच ओळी, प्रत्येकीत सहा, ट्रे आडवा फिरवला की सहा ओळी, प्रत्येकीत पाच, तरी अंडी तीसच. भागाकार दोन तऱ्हांचा. बारा चिंचोके तिघांना वाटले तर प्रत्येकाला किती, आणि बारा चिंचोके तीन-तीन दिले तर कितीजणांना पुरतील. दोन्हींचे उत्तर चारच, पण हात वेगळे काम करतात, म्हणून दोन्ही करून घ्या.

पाढ्यांविषयी मला नेहमी विचारतात. पाढे पाठ हवेत, यात मला शंका नाही. आपल्या पंतोजींच्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीपर्यंत उजळणी चाले. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-मणांची मापे होती तेव्हा ते पाठांतर रोजच्या पोटापाण्याचे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले आणि ती कोष्टके मागे पडली. पण सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द अजून आपल्या घराघरांत आहेत. अपूर्णांकाची सुरुवात त्यांच्यापासून करा. फक्त एक क्रम पाळा. सात त्रिक एकवीस हे मुलाने सात-सातच्या तीन ढिगांत आधी पाहिलेले असू द्या, पाठ नंतर होऊ द्या. समजून पाठ केलेला पाढा विसरला तरी मूल तो पुन्हा उभा करू शकते.

हे सगळे मी नव्याने सांगते आहे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. तो सगळा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. मॉन्टेसोरी पद्धतीतली महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली आणि बिया, शिंपले, पाने, काड्या यांतून आदिवासी मुलांना शिकवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा आग्रह होता. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, तोही त्याच आग्रहाचा पुढचा भाग. भट्टीवर कच्च्या विटा रचून केलेल्या खोपटाला भोंगा म्हणतात, त्यावरून ते नाव पडले.

वीटभट्टीवरच्या मुलांचा विचार ही पुस्तिका लिहिताना सतत मनात होता. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे गाव सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत वर्ग दशकावरून हातच्यावर गेलेला असतो. मूल जूनमध्ये येऊन वर्गात बसते, वरच्या इयत्तेत चढलेलेही असते, पण त्याच्या खालच्या दोन पायऱ्या नसतात. त्याला इयत्तेप्रमाणे शिकवणे म्हणजे त्याला मागे ठेवणेच आहे. आणि हिशोब न येण्याची किंमत याच घरांना सर्वांत जास्त मोजावी लागते. आगाऊ उचल किती घेतली, खर्चीला किती गेले, विटा किती हजार पडल्या, हंगामाच्या शेवटी हातात किती यायला हवेत, हे ज्याला मांडता येत नाही त्याला दुसऱ्याने मांडलेले मान्य करावे लागते. म्हणून बेरीज-वजाबाकी मला परीक्षेच्या गुणांपेक्षा फार मोठी वाटते.

पुस्तिका कशी वापरावी? मुलाची इयत्ता पाहू नका. पहिल्या प्रकरणात दिलेले दहा छोटे प्रश्न वस्तू समोर ठेवून विचारा आणि मूल जिथे अडेल त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करा. वर्गात चार पायऱ्यांवरची मुले असतील तर चार गट करा. एक पायरी किती दिवसांत संपवावी हे कुठेही दिलेले नाही, आणि ते मुद्दाम दिलेले नाही. चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी एकच विचारा, "कसं केलंस, सांग." मुलाचे उत्तर ऐकले की गाळलेली पायरी कोणती ते दिसते. ज्या आई-वडिलांना वाचता येत नाही त्यांना वर्गात बोलावून मुठीचा खेळ आणि गठ्ठ्यांचा खेळ दाखवा. ते घरी आपापल्या भाषेत खेळतील आणि भाषा वेगळी असल्याने काही बिघडणार नाही. दहा काड्या कोणत्याही भाषेत दहाच असतात.



वाचकांना एकच विनंती. पुस्तिका पूर्ण वाचून होईपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला जवळ बसवा, त्याच्यासमोर तेवीस काड्या आणि थोडे सूत ठेवा आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधायला सांगा. गाठ त्यालाच मारू द्या.